मराठी साहित्यात किंवा भाषाविज्ञानात पीएच.डी. करायचीय? मग हे आधी वाचा

एम.ए. झालं, नेटचा (प्राध्यापकपद आणि संशोधनासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा) निकाल आला किंवा येईल अशी आशा आहे, आणि आता पीएच.डी.चा विचार डोक्यात घोळतोय, अशांसाठी हे लिहितोय. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नियम असतात, पण त्यातला कुठला नियम नंतर त्रास देणार हे तिथं कुणी सांगत नाही. मी मराठी विषयात या सगळ्यातून गेलोय आणि भाषाविज्ञानातल्या मित्रमैत्रिणींची धावपळही जवळून पाहिलीय. त्यामुळे इथलं सगळं महाराष्ट्रातल्या विद्यापीठांना धरून आहे. फॉर्म, फी, सह्या यांत डोकं तापतं, पण ते निभावतं. पीएच.डी. रखडते ती बहुतेक वेळा साधनसामग्रीपाशी. म्हणून सुरुवात तिथूनच.

१. विषय ठरवण्याआधी साधनं कुठं आहेत ते बघा

नवा विद्यार्थी आधी शीर्षक ठरवतो, तेही ‘ग्रामीण कादंबरी : एक चिकित्सक अभ्यास’ या छापाचं. अशा शीर्षकात प्रश्नच नसतो. कुठली कादंबरी घ्यायची, कुठली सोडायची, कुठं थांबायचं, काहीच ठरत नाही, आणि चौथ्या वर्षीही माणूस कादंबऱ्यांची कथानकं लिहीत बसतो.

उलट्या बाजूनं या. आपल्याला खरोखर हाताळता येईल असा ऐवज कोणता, ते आधी शोधा. एखाद्या नियतकालिकाची पूर्ण फाइल, एखाद्या लेखकाचा पत्रव्यवहार, एखाद्या तालुक्यातली बोली, एखाद्या संप्रदायाची हस्तलिखितं. मग त्या ऐवजाला विचारता येईल असा एक प्रश्न काढा. ‘ग्रामीण साहित्य’ या ढिगाऱ्यापेक्षा ‘१९७२ च्या दुष्काळानंतरच्या कथांमध्ये पोटासाठी गाव सोडणाऱ्या बायकांची गोष्ट कोण सांगतं : त्या स्वतः, की गावात मागं राहिलेला कुणी?’ हा प्रश्न बरा. त्यात काळ आहे, साहित्यप्रकार आहे आणि शोधायचं काय तेही आहे. भाषाविज्ञानातही तेच. ‘अहिराणी : एक अभ्यास’ म्हणजे आयुष्यभराचं काम झालं. अहिराणीतलं एकच व्याकरणिक वैशिष्ट्य, ठरावीक गावं आणि आजी-आई-नात अशा तीन पिढ्या घेतल्या, तर पीएच.डी.च्या मुदतीत बसेल.

साधनं बघायची म्हणजे प्रत्यक्ष जाऊन बघायची. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, मराठी संशोधन मंडळ, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ, भांडारकर संस्था, विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर : तुमच्या विषयाप्रमाणे यातली दोन-तीन ठिकाणं तरी अर्ज करण्याआधी पालथी घाला. जुन्या पुस्तकांसाठी शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची चाळा. १८०० ते १९३७ या काळात छापलेलं काय काय होतं याचा अंदाज दुसरीकडे इतका लवकर येत नाही. सूचीत नाव आहे म्हणजे प्रत मिळेलच असं मात्र नाही. साठच्या दशकानंतरच्या अनियतकालिकांवर (ठरावीक मुदतीशिवाय निघणाऱ्या छोट्या मासिकांवर) काम करणाऱ्यांना हे लगेच कळतं. निम्मे अंक कुठल्याच ग्रंथालयात नसतात. ते कुणाच्या तरी माळ्यावरच्या ट्रंकेत असतात आणि ती ट्रंक उघडायला घरच्यांचा विश्वास कमवावा लागतो.

त्याच वेळी शोधगंगेवर जा. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथं आहेत. आपल्या विषयाजवळचे तरी पाहाच. दोन गोष्टींसाठी : तुमचा विषय झालाय का, आणि झाला असेल तर त्यात काय राहिलंय. फक्त शीर्षक सारखं दिसलं म्हणून विषय सोडू नका. आतलं काम बऱ्याचदा भलतंच असतं.

२. प्रवेशाचा रस्ता : नेट, पेट, मुलाखत

सध्याचा आधार म्हणजे यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) २०२२ ची पीएच.डी. नियमावली. पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांची पदवी केलेल्यांना थेट अर्ज करता येतो, पण तिथं ७५ टक्के हवेत. एम.फिल. आता नाही, त्यामुळे ‘आधी एम.फिल. करून बघू’ हा जुना सल्ला बाद.

नेट वर्षातून दोनदा होते. पेपर एक सगळ्यांना सारखा, ५० प्रश्न. पेपर दोन तुमच्या विषयाचा, १०० प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. मराठीचा विषय क्रमांक ३८ आणि भाषाविज्ञानाचा ३१. फॉर्म भरताना तपासून निवडा. जून २०२४ पासून निकाल तीन गटांत लागतो : जेआरएफ (संशोधनासाठी दरमहा मिळणारी फेलोशिप), सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र, आणि फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र. दुसऱ्या-तिसऱ्या गटातल्यांसाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. पीएच.डी. प्रवेशासाठी हे गुण एकच वर्ष चालतात. ‘पुढच्या वर्षी निवांत बघू’ म्हणणारे इथंच फसतात.

काही विद्यापीठं स्वतःची प्रवेश परीक्षा, म्हणजे पेट, घेतात. त्यात निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीचे असतात. साहित्याची मुलं तो भाग हलक्यात घेतात आणि तिथंच गुण घालवतात. सेट (राज्याची पात्रता परीक्षा) असलेल्यांना पेटमधून सूट मिळते का, हे त्या त्या विद्यापीठाच्या परिपत्रकात बघा. मित्राच्या तोंडी माहितीवर जाऊ नका.

मुलाखतीला पाठ केलेलं भाषण नको. ‘तुमची साधनं कुठं आहेत?’ या प्रश्नाला ठिकाण, फाइल, कालखंड असं नेमकं उत्तर देता आलं की समितीचा सूर बदलतो.

३. गाइड

नियमानं प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधक विद्यार्थी असू शकतात. त्यामुळे खरी अडचण गुणांपेक्षा रिक्त जागांची असते. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिलेल्या शिक्षकांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत, हेही आधीच बघून ठेवा.

मोठं नाव बघून गाइड निवडू नका. त्यांनी स्वतः गेल्या काही वर्षांत काय लिहिलंय ते वाचा. त्यांच्याकडे नोंदणी केलेले किती जण प्रबंध सादर करून बाहेर पडले ते विचारा. आणि सध्याच्या विद्यार्थ्यांना, सर किंवा मॅडम समोर नसताना, एकच प्रश्न विचारा : दिलेलं प्रकरण वाचून परत यायला किती दिवस लागतात? बाकी गप्पांपेक्षा या उत्तरातून जास्त कळतं.

पहिल्या भेटीला दोन पानांचं टिपण न्या. ‘सर, तुम्हीच एखादा विषय द्या’ असं म्हणू नका. विषय मिळतो, नाही असं नाही. पण तो तुमचा नसतो, आणि तिसऱ्या वर्षी कंटाळा आला की त्याला धरून ठेवणारं काही उरत नाही. गाइडच्या घरची कामं करणं हा पीएच.डी.चा भाग नाही, हेही इथंच सांगून ठेवतो. परीक्षेचं काम, परिसंवादाची तयारी यांत हातभार लावणं वेगळं. ते विभागात राहून शिकण्यासारखंच असतं.

४. कागदपत्रं

ही फाइल एकदाच नीट लावा. मूळ प्रती, साक्षांकित झेरॉक्सचे संच आणि स्कॅन, तिन्ही.

- दहावी-बारावीपासून एम.ए.पर्यंतच्या सगळ्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्रं
- गुणपत्रिकेत फक्त ग्रेड पॉइंट असतील तर विद्यापीठाकडून टक्केवारीत रूपांतराचं पत्र
- नेट, सेट किंवा पेटचं निकालपत्र
- जातीचा दाखला, जात वैधता, लागू असेल तर चालू मुदतीचं नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र
- दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन आणि पात्रता प्रमाणपत्र
- नोकरी करत असाल तर संस्थेची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र)
- शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र

दोन ठिकाणी हमखास गाडी अडते. पहिलं म्हणजे नाव. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींनो, एम.ए.ची गुणपत्रिका एका नावाची आणि आधार दुसऱ्या नावाचं असेल तर राजपत्राची प्रत आधीच तयार ठेवा. नाहीतर फेलोशिपचे पैसे बँकेपाशी थांबतात. दुसरं, एनओसी. अर्धवेळ पीएच.डी.ला नियमानं परवानगी आहे, पण एनओसीत ‘संशोधनाला पुरेसा वेळ दिला जाईल आणि कोर्सवर्कसाठी गरज पडल्यास कार्यमुक्त केलं जाईल’ या अर्थाचं वाक्य लागतं. नुसतं ‘आमची हरकत नाही’ लिहिलेलं पत्र परत येऊ शकतं. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं पीएच.डी. देतो असं कुणी म्हणत असेल तर त्या वाटेला जाऊ नका. ती पदवी ग्राह्य धरली जात नाही.

५. आराखडा

याला कुणी सिनॉप्सिस म्हणतं, कुणी संशोधन आराखडा. प्रास्ताविक, पूर्वसंशोधनाचा आढावा, उद्दिष्टं, गृहीतक, व्याप्ती-मर्यादा, पद्धती, प्रकरणांची मांडणी, संदर्भसूची असा साचा ठरलेला असतो. साचा सोपा आहे, त्यात भरायचं काय हे अवघड.

सगळ्यात दुबळा भाग असतो पूर्वसंशोधनाचा आढावा. ‘अमुक यांनी या विषयावर मोलाचं काम केलं आहे’ अशी दहा वाक्यं म्हणजे आढावा नाही. त्या कामातलं तुम्ही काय स्वीकारता, कुठं थांबता, कुठं वाद घालता ते लिहा. गृहीतकाचंही तसंच. ‘ग्रामीण कथेत ग्रामीण जीवनाचं चित्रण आढळते’ हे गृहीतक होऊच शकत नाही, कारण ते खोटं ठरण्याची शक्यताच नाही.

मर्यादेच्या परिच्छेदाला घाबरू नका. तुम्ही काय करणार नाही हे जितकं स्पष्ट लिहाल तितके पुढं व्हायवात (प्रबंधावरच्या तोंडी परीक्षेत) वाचाल. कविता घेतलेली नाही, नाटक घेतलेलं नाही, फक्त या दोन जिल्ह्यांतल्या निवेदकांवर (बोलीचे नमुने देणाऱ्या माणसांवर) काम आहे, असं सरळ लिहा. प्रकरणांची नावं मात्र कच्चीच ठेवा. प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर ती बदलतात आणि बदलायलाच हवीत.

६. कोर्सवर्क

किमान १२ क्रेडिट्स, त्यात संशोधन व प्रकाशन नीतीचा पेपर सक्तीचा. उत्तीर्ण व्हायला ५५ टक्के. हजेरीकडे लक्ष द्या, निबंध स्वतः लिहा, आणि शक्य तिथं प्रत्येक निबंध आपल्याच विषयाच्या एखाद्या कोपऱ्यावर लिहा; तो पुढं प्रकरणात कामी येतो. यापेक्षा जास्त जीव इथं ओतायची गरज नाही.

७. ऐवज गोळा करणं

साहित्याच्या संशोधकाला ग्रंथालयात बसावं लागतं, आणि मराठीतल्या जुन्या ग्रंथालयांत बरीच कपाटं बंद असतात. चिठ्ठीवर दाखलांक (ग्रंथालयानं पुस्तकाला दिलेला नोंद क्रमांक) लिहून द्यायचा, मग पुस्तक येतं. दुपारच्या सुट्टीआधी चिठ्ठी द्या. जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फाइलींची झेरॉक्स मिळत नाही, कारण कागद वाकवला की तुटतो. काही ठिकाणी फोननं फोटो काढू देतात, त्यासाठी गाइडच्या सहीचं पत्र लागतं. परवानगी मिळाली की आधी मुखपृष्ठाचा आणि अंकाच्या तारखेचा फोटो घ्या, मग लेखाचा, आणि पृष्ठक्रमांक चौकटीत येतोय ना ते बघा. त्याच संध्याकाळी फाइलला नियतकालिक-वर्ष-महिना-पृष्ठ असं नाव द्या. ‘आयएमजी’ नावाच्या शेकडो फोटोंमधून दोन वर्षांनी एक अवतरण शोधायला बसलात तर काय होतं, ते सांगायला नको.

आवृत्तीची नोंद हा मराठीत दुर्लक्षिलेला भाग. तुकारामांचा अभंग उद्धृत करताना तो कुठल्या गाथेतला हे लिहिलं नाही तर क्रमांकाला काही अर्थ राहत नाही. गाथेगणिक क्रमांक बदलतात, पाठही बदलतात. ज्ञानेश्वरीचंही तसंच. आधुनिक कादंबरीतही लेखकानं पुढच्या आवृत्तीत मजकूर बदललेला असू शकतो. पहिली आवृत्ती मिळवा, निदान पाहून तरी या. १९ व्या शतकातल्या हस्तलिखित कागदपत्रांना हात घालायचा असेल तर मोडी शिका. आणि एखादा जुना शब्द अडला तर मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही आज ऑनलाइन शोधता येतात.

भाषाविज्ञानवाल्यांचं दुखणं वेगळं. माणूस रेकॉर्डरसमोर आला की प्रमाण मराठी बोलायला लागतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या कितीतरी बायका घरात ‘मी जातो’, ‘मी करतो’ असं बोलतात. तुम्ही समोर वही-पेन घेऊन बसलात आणि ‘मावशी, तुम्ही काय म्हणता, मी जातो की मी जाते?’ असं विचारलंत, की उत्तर येतं ‘मी जाते’. वर ‘आम्ही शुद्धच बोलतो’ हेही ऐकवतात. त्याऐवजी कालच्या बाजाराबद्दल, सुनेच्या बाळंतपणाबद्दल, पावसाबद्दल विचारा आणि गप्प बसा. पहिली दहा मिनिटं वाया गेली तरी चालतील. शब्दयादी शेवटी घ्या, सुरुवातीला कधीच नको. निवेदकाचं वय, शिक्षण, माहेर-सासर, घरात बोलली जाणारी इतर भाषा यांची नोंद त्याच दिवशी करा आणि रेकॉर्डिंगला त्यांची संमती घ्या. ध्वनींच्या विश्लेषणाला ‘प्रात’ आणि रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढायला ‘इलान’ ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. तुमच्या भागातल्या बोलीचे नमुने डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेच्या बोली सर्वेक्षणात असू शकतात. गावात जाण्याआधी ते ऐकून जा.

८. लेखन आणि टंकलेखन

प्रबंध युनिकोडमध्येच टाइप करा. शक्य तर स्वतः. डीटीपीवाल्याकडे हस्तलिखित देऊन श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये) टाइप करून घेण्याची पद्धत अजून सुरू आहे आणि तिच्यामुळे शेवटच्या महिन्यात लोक रडकुंडीला येतात. त्या फाइलीत शब्द शोधता येत नाही, सूची आपोआप बनत नाही, वाङ्मयचौर्य तपासणारं सॉफ्टवेअर ती नीट वाचू शकत नाही, आणि युनिकोडमध्ये रूपांतर केलं की रफार, जोडाक्षरं, अनुस्वार कुठंही जाऊन बसतात. शेकडो पानांचं मुद्रितशोधन दुसऱ्यांदा करावं लागतं. इन्स्क्रिप्ट कळफलक शिकायला थोडे दिवस जातात, पण पुढची सगळी वर्षं वाचतात.

शुद्धलेखनाला साहित्य महामंडळाचे नियम धरा. लेखकांच्या, विशेषतः परदेशी लेखकांच्या नावांचं देवनागरी लेखन कसं करणार ते पहिल्याच दिवशी एका कागदावर ठरवा. पहिल्या प्रकरणात ‘फूको’ आणि चौथ्यात ‘फुको’ दिसलं की परीक्षकाचा उरलेल्या प्रबंधावरचाही विश्वास उडतो. संदर्भांसाठी झोटेरो वापरा; मराठी नोंदीही त्यात चालतात, फक्त ‘संपा.’, ‘आवृ.’, ‘पृ.’ हे हातानं तपासावं लागतं.

साम्य तपासणीबद्दल : यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० टक्के असेल तर सुधारून पुन्हा सादर करायला सांगतात, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सादर करता येत नाही, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. श्रेय देऊन अवतरणचिन्हांत घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची यात धरत नाहीत. कवितेवर काम करणाऱ्यांनी त्यामुळे घाबरून अवतरणं कापू नयेत, फक्त ती नीट वेगळी दाखवावीत.

प्रबंध लिहून देणारे लोक आणि चार दिवसांत शोधनिबंध छापणारी मासिकं तुम्हाला शोधत येतील. व्हॉट्सॲपवर रोज येतील. नव्या नियमावलीत यूजीसीनं प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती ठेवलेली नाही. तुमच्या विद्यापीठाची स्वतःची अट असेल तर ती पूर्ण करा, पण ‘आंतरराष्ट्रीय’ असं मुखपृष्ठावर छापलेल्या अंकांना पैसे देऊन नाव खराब करून घेऊ नका.

९. पैसा

जेआरएफ असेल तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि त्यानंतर एसआरएफ म्हणून ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. जेआरएफसाठी वयाची अट खुल्या गटाला ३० वर्षं आहे. जेआरएफ नसेल तर राज्याच्या संस्था बघा : अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी उमेदवारांसाठी सारथी, ओबीसी-भटके-विमुक्तांसाठी महाज्योती. जाहिरात कधी निघेल याचा नेम नसतो आणि पैसे वेळेवर येतीलच असंही नाही, म्हणून फेलोशिपच्या भरवशावर खोली भाड्यानं घेऊ नका. नोंदणीची तारीख, गाइडचं पत्र, सहामाही प्रगती अहवाल, हजेरी यांची एक वेगळी फाइल ठेवा. हप्ता अडकतो तो यातल्याच एखाद्या कागदामुळे.

१०. सादर करताना

मुदत किमान ३ आणि कमाल ६ वर्षं. त्यापुढं पुनर्नोंदणी करून २ वर्षं मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांना आणखी २ वर्षांची सवलत आहे, शिवाय महिलांना प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. दर सत्रात सल्लागार समितीपुढं प्रगती मांडावी लागते. तिथं जे सुचवलं जाईल ते लिहून घ्या आणि पुढच्या वेळी त्याचं काय केलं ते सांगा. समितीचे सदस्य विसरलेले असले तरी सांगा.

प्रबंध बाहेरच्या किमान दोन परीक्षकांकडे जातो. एकानं नाकारला तर तिसऱ्याकडे पाठवतात. नियमानं सादर केल्यापासून सहा महिन्यांत सगळं आटोपायला हवं. परीक्षा विभागात महिन्याला एकदा चक्कर मारलीत तर आटोपतंही. व्हायवा खुली असते, कुणीही प्रश्न विचारू शकतं. परीक्षकांच्या अहवालातला प्रत्येक आक्षेप आणि त्यावरचं तुमचं उत्तर पृष्ठक्रमांकासह लिहून न्या. उत्तर येत नसेल तर ‘हे माझ्या व्याप्तीबाहेर आहे’ म्हणता येतं, मात्र आराखड्यात ती मर्यादा लिहिलेली असली पाहिजे.

व्हायवा झाली की सॉफ्ट कॉपी शोधगंगेसाठी जमा करा, नोटिफिकेशनच्या (पीएच.डी. जाहीर झाल्याच्या पत्राच्या) चार-पाच साक्षांकित प्रती काढून ठेवा, आणि त्याच फेरीत पदवी यूजीसीच्या नियमावलीनुसार दिल्याचा उल्लेख असलेलं तात्पुरतं प्रमाणपत्र मागून घ्या. प्राध्यापकपदाच्या अर्जाला ते लागतं, आणि जाहिरात निघाल्यावर मागायला गेलात तर शेवटची तारीख उलटून जाते.